आठाच्या घरातले पोपट

माझा धंदा काय आहे, हे मी अजून माझ्या सासूला पटवून देऊ शकलेले नाही. प्रयत्न केला नाही असं नाही.

"दिवसभर त्या दुकानात बसून तू करतेस तरी काय?" आत्याबाईंनी एकदा सरळच विचारलं.

"फोटो आणते."

"कुठून?"

"दुसऱ्याच्या कपाटातून."

"त्याला विचारून?"

"कपाट उघडंच असतं, आत्याबाई."

आत्याबाईंनी जपमाळ मांडीवर ठेवली. हे लक्षण चांगलं नसतं. "आणि ते कपाट आहे कुठे?"

"नक्की सांगता येत नाही. कुणाचं मुंबईला असतं, कुणाचं परदेशात."

"म्हणजे कपाट कुठंय ते माहीत नाही, आणि तू त्यातून दुसऱ्याचं सामान काढतेस." त्यांनी माळ पुन्हा उचलली. "आमच्या पारोळ्याला याला वेगळा शब्द होता."

तर वाचकहो, तो शब्द मनात ठेवा, पण माझी बाजूही ऐकून घ्या. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे झेरॉक्सवाला आणि फॉल-बिडिंगवाली यांनी आपापल्या जागा घेतल्यावर मध्ये जे उरलं ते. बाहेर पाटी आहे, 'कॉम्प्युटर जॉबवर्क'. या दोन शब्दांत काय काय बसतं हे ग्राहक ठरवतो. एकाने रिमोट दुरुस्तीला आणून दिला होता.

सुरतेत साडी आधी फोटोत विकली जाते, मग कापडात. मिल नवा कॅटलॉग काढते, मॉडेलला नेसवून फोटो काढते आणि ते फोटो सर्व्हरवर ठेवते. सर्व्हर म्हणजे तेच ते उघडं कपाट. दिवसरात्र वीज खाणारा एक कॉम्प्युटर, ज्याचं काम एवढंच की कुणी पत्ता सांगून काही मागितलं तर काढून द्यायचं. नंदुरबारच्या दुकानदारापासून घरून साड्या विकणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना ते फोटो हवे असतात, आणि कॅटलॉगमध्ये ते असतात शेकड्यांनी. एकेक उघडा, उजवं बटण दाबा, जतन करा, नाव द्या, बंद करा, पुढचा उघडा. मी हे बरीच वर्षं हाताने केलं. इतक्या साड्या पाहिल्या की लग्नाला गेले तर मला नवरी दिसत नाही, डिझाइन नंबर दिसतो.

मग एका उन्हाळ्यात उजव्या मनगटाला पट्टा बांधायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, हात थांबवा. हात थांबला तर दुकान थांबतं. म्हणून डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, मी स्क्रिप्ट लिहायला शिकले. हौस वगैरे काही नव्हती. मी दमले होते.

स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेला निरोप. माझा निरोप जेमतेम सात-आठ ओळींचा आहे. अमुक नंबरापासून सुरू कर, तमुक नंबरापर्यंत जा. पत्त्याच्या शेवटी तो नंबर लाव, कपाटाकडे माग, मिळेल ते त्याच नंबराच्या नावाने आपल्या घरात ठेव. मग थांब. मग पुढचा नंबर.

त्यातली 'थांब' ही ओळ माझी सगळ्यात लाडकी. नवशिके ती लिहीत नाहीत. त्यांची स्क्रिप्ट श्वास न घेता मागत सुटते, आणि समोरच्या सर्व्हरला वाटतं आपल्यावर दरोडा पडला. तो दार लावून घेतो, आणि मग तुम्ही कितीही नम्रपणे मागा, दिवसभर उघडत नाही. दोन मागण्यांच्या मध्ये दम खायचा असतो. यंत्राला हे लिहून द्यावं लागतं. मला ते कुणी लिहून दिलं नाही, म्हणून तर मनगट गेलं.

पहिल्यांदा स्क्रिप्ट चालवली ती रेशमवाला बाजारातल्या एका जाड्या, प्रेमळ शेठसमोर. त्यांच्यासाठी चहा मागवला, बटण दाबलं आणि चहा संपायच्या आत अख्खा कॅटलॉग त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये. मला वाटलं टाळ्या पडतील. शेठचा चेहरा पडला.

"बेन, आमां महेनत क्यां छे?" यात मेहनत कुठे आहे? "चा पण पूरी नथी थई!"

आधी मी हेच काम दोन दिवस वाकून करायचे, तेव्हा शेठ समाधानाने पैसे देऊन जायचे. आता बिचाऱ्यांना फसल्यासारखं वाटत होतं. मी त्यांची अडचण समजून घेतली. पुढच्या वेळी स्क्रीन काळी केली, अक्षरं हिरवी केली, एकेक नंबर सावकाश वरून खाली घसरत जाईल अशी सोय केली आणि 'थांब' जरा लांबवला. मधूनमधून मी कपाळावर हात मारायचे. एकदा तर "अरे देवा, एक हजार बावीस!" असं ओरडलेसुद्धा. शेठ खुर्चीच्या टोकाला येऊन बसले. काम झाल्यावर म्हणाले, "बेन, तमे बहु थाकी गया हशो." खूप दमला असाल. खरं सांगते, त्या दिवशी मी जास्त दमले. नाटकाला श्रम पडतात.

एक बाई भेस्तानहून आल्या होत्या, मूळच्या जालन्याकडच्या. मुलीचं लग्न झालेलं, फोटोग्राफरने सगळे फोटो त्याच्या वेबसाइटवर टाकलेले.

"सगळे फोटो काढून द्या," त्या म्हणाल्या. "फक्त विहीणबाई नकोत."

"ताई, स्क्रिप्टला विहीण ओळखता येत नाही. तिला माणूस दिसतच नाही. नंबर दिसतो, ती तो घेऊन येते."

बाई म्हणाल्या, "बरंय तिचं. मला पण तशीच नजर बसवून द्या."

ही नजर वरदान आहे असं तेव्हा मलाही वाटायचं. आता जिभाऊंची गोष्ट सांगते.

जिभाऊ कडोदऱ्याच्या एका साडी मिलमध्ये डिझाइन मास्टर होते. शिरपूरकडचे. आमच्या खानदेशात मानाच्या वडीलधाऱ्याला जिभाऊ म्हणतात, आणि त्यांचं खरं नाव सुरतेत कुणी कधी घेतलेलं मी ऐकलं नाही. जन्मभर साडीवरची नक्षी काढत आलेला माणूस, आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. बोलायचे कमी, तेही अहिराणीत. मला माय म्हणायचे. त्यांच्या मिलचे फोटो मी एजंटांसाठी नेहमी उतरवायचे, म्हणून ओळख.

त्या मिलचे मालक, मोटा शेठ, देवमाणूस होते. फक्त आठ या आकड्याला घाबरायचे. आठ हा शनीचा आकडा, असं त्यांना कुणा ज्योतिषाने तरुणपणी सांगून ठेवलं होतं. ज्या नंबराच्या आकड्यांची बेरीज शेवटी आठ येते, तो नंबर त्यांच्या मिलमध्ये नव्हता. एक हजार सहानंतर थेट एक हजार आठ. सुरतेत अशी गोष्ट कुणाला विचित्र वाटत नाही. प्रत्येक पेढीचा एखादा नावडता आकडा असतोच, आपण तो लक्षात ठेवायचा आणि वाद घालायचा नाही.

माझ्या स्क्रिप्टला मात्र याचा जाच व्हायचा. नसलेला नंबर मागितला की सर्व्हर 'सापडले नाही' अशी चिठ्ठी पाठवायचा, आणि माझी गुणी स्क्रिप्ट ती चिठ्ठीच फोटो म्हणून जपून ठेवायची. एजंट ओरडायचे की तुमचे फोटो उघडत नाहीत. मग मला शाळेतलं गणित आठवलं. ज्या संख्येच्या आकड्यांची बेरीज करत करत शेवटी आठ उरते, तिला नऊने भागलं की बाकी आठच उरते. मी त्या मिलपुरती एक ओळ वाढवली: नऊने भाग, बाकी आठ आली तर न मागता पुढे जा. शनीला एका ओळीत वळसा! मी स्वतःवर इतकी खूश झाले की आत्याबाईंना ही ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "शनीला असं टाळता येत नाही." मी हसले होते.

मोटा शेठ गेले. त्यांच्या मुलाला कापडात रस नव्हता. त्याने मिल विकली, आणि नव्या मालकाला फक्त जमीन हवी होती. एका सकाळी दुकान उघडते तो जिभाऊ पायरीवर बसलेले, हातात चपला.

"माय, तू त्या कपाटमधलं काढस ना?" ते म्हणाले. "मना बठ्ठा डिझाइन तठे शेतस."

बठ्ठं म्हणजे सगळं. त्यांची सगळी डिझाइनं त्या मिलच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर. ऑफिसला नव्या मालकाचं कुलूप लागलं होतं, आणि ते उघडणारा माणूस भेटायला तयार नव्हता. पण आत वीज होती, यंत्र चालू होतं, त्यामुळे बाहेरच्या जगाला दार अजून उघडं होतं. त्याच दिवशी मीटर काढायला माणूस येणार होता. मीटर निघालं की संपलं. यंत्र नंतर भंगारात.

मोटा शेठच्या मुलाला मी स्वतः फोन लावला. विचारल्याशिवाय नको, आत्याबाईंचा शब्द डोक्यात होता. तो म्हणाला, "लई जाओ ने, बेन. भंगारमांज जवानुं छे." घेऊन जा, भंगारातच जायचंय.

"जिभाऊ, पण तुम्हाला हवीत कशाला?"

त्यांनी सांगितलं ते तुकड्या-तुकड्यांत. मिल गेल्यापासून ते दारोदार फिरत होते. या वयाचा मास्टर कुणाला नको होता. त्यांनी जावं आणि सांगावं की मी अमुक नक्षी काढली, तर समोरचा हसून भिंतीकडे बोट दाखवायचा. तीच नक्षी तिथे टांगलेली असायची. सुरतेत चाललेलं डिझाइन दुसऱ्या दिवशी दहा जणांकडे असतं, आणि मूळ कुणी काढलं हे विचारायला कुणाला वेळ नसतो. शेवटी आमच्याच पर्वत पाटियाला नवा स्टुडिओ काढलेल्या एका तरुण शेठाणीने त्यांना नीट बसवून घेतलं. म्हणाली, "काका, मुझे कुछ ऐसा दिखाओ जो मैंने देखा न हो." दुसऱ्या दिवशी या म्हणाली. तिथे जमलं नाही तर जावयाने भेस्तानच्या एका इमारतीत वॉचमनची जागा बोलून ठेवली होती.

"खुर्चीवर बसानं," जिभाऊ म्हणाले आणि आपल्या हातांकडे पाहिलं. "हातले काय काम?"

मी म्हटलं काळजी नको. ते चष्म्याची काडी बसवायला गेले आणि जाताना म्हणाले, "बठ्ठं काढजो, माय."

मी त्या मिलची जुनी स्क्रिप्ट उघडली आणि चालवली. नाटक नाही, हिरवी अक्षरं नाहीत. दुपारपर्यंत पहिल्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत सगळे फोटो माझ्याकडे आले. एकही न उघडणारी फाइल नाही. मी डबा खाल्ला आणि खांद्याला शेक दिला.

जिभाऊ परत आले. मी खुर्ची दिली, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि एखाद्या सर्कसवाल्यासारखा हात फिरवून म्हटलं, "घ्या तुमचा संसार!"

त्यांनी पाहायला सुरुवात केली. एक, दुसरं, दहावं. हळूहळू त्यांचा हात मंद झाला. आणखी थोडी पाहिली आणि थांबले.

"हाई तं बठ्ठी सुरतमा शे," ते म्हणाले.

खरंच होतं. प्रत्येक साडी मी स्वतः चार-चार ठिकाणांहून उतरवलेली होती. हे घेऊन ते स्टुडिओत गेले असते तर शेठाणीनेही भिंतीकडे बोट दाखवलं असतं.

"जिभाऊ, सर्व्हरवर एवढंच आहे."

"नही," ते म्हणाले. मग आवाज इतका खाली नेला की बाहेर झेरॉक्सवाल्याला ऐकू जाऊ नये. "आठवाला कोठे शेतस?"

मला आधी कळेना. मग कळलं, आणि हातातलं शेकायचं फडकं खाली पडलं.

मोटा शेठ जी नक्षी नापास करायचे, ती जिभाऊ फेकून देत नसत. त्यांच्या मनातली खरी नक्षी तीच असायची. ती ठेवायची कुठे? मिलचे नंबर तर विकाऊ मालासाठी. पण दर नऊ नंबरांमागे एक घर रिकामं होतं, आणि त्या घरात शेठ जाणार नव्हते, मुनीम जाणार नव्हता, एजंट जाणार नव्हता. आठाच्या घराकडे कुणी नजर टाकत नव्हतं. मी तिथे मागायचं सोडल्यानंतरच्या वर्षांत जिभाऊंनी एकेक नापास डिझाइन तिथे नेऊन ठेवलं होतं. त्याहून सुरक्षित तिजोरी सुरतेत नाही.

आणि मी, शहाणी, शनीला वळसा घालून बाकी सगळं घेऊन आले होते.

घड्याळाकडे पाहायची हिंमत झाली नाही. जिभाऊंनी मिलच्या वॉचमनला फोन लावला. तो उत्तर प्रदेशचा, जिभाऊंच्या जुन्या दोस्तीतला. फोन स्पीकरवर होता.

"मीटरवाला आया क्या?"

"आ गया, मास्टर. चाय पी रहा है."

"एक और पिला!"

"दो पिला चुका हूँ."

"तो नाश्ता करा! खमण खिला!"

मी तोवर स्क्रिप्ट उघडली होती. ती ओळ काढून टाकली असती तर स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून सगळंच मागत बसली असती. म्हणून ओळ उलटी केली. बाकी आठ आली तर पुढे जा, याऐवजी बाकी आठ आली तरच माग. ज्यांना मी इतकी वर्षं वगळत होते, फक्त त्यांनाच बोलावणं धाडलं.

पहिला फोटो उतरला. एक हजार सात.

कापसाचं बोंड होतं. पांढरं, मऊ, जाहिरातीत असतं तसलं नव्हे. वेचून झाल्यावर झाडावर राहतं ते, वाळकं, तपकिरी, चार टोकांनी उघडलेलं. ती रिकामी बोंडं पदरभर अशी पसरली होती की लांबून चांदण्याच वाटाव्यात. मोटा शेठ म्हणाले होते, "आ कोण पहेरशे?" हे कोण नेसणार?

'थांब'ची ओळ आली. स्क्रिप्ट थांबली.

"हळू का चाली ऱ्हायनं?" जिभाऊंनी टेबलावर बोटं वाजवली.

"म्हातारं यंत्र आहे, जिभाऊ. घाई केली तर रुसून बसेल, मग मीटर निघायची वाट पाहायलाच नको."

मीही आतून जळत होते. ती ओळ काढावी असं माझ्या दुखऱ्या हाताला दहा वेळा वाटलं. तो हात मी मांडीखाली घालून बसले.

पुढचं उतरलं. पूर ओसरल्यावरचा तापीचा गाळ, त्याला पडलेल्या भेगा, आणि भेगांतून बारीक हिरवा काठ. त्यापुढचं, केळीचं फाटलेलं पान. वाऱ्याने चिरफळ्या झालेलं, जसं आमच्याकडे बागेच्या कडेला असतं. मी इतक्या साड्या पाहिल्या, पण फाटकं पान इतकं देखणं असतं हे मला कुणी दाखवलं नव्हतं. डोळे चोळून मी पुन्हा पाहिलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला नंबर आधी दिसला नाही.

फोन चालूच होता. "मास्टर, नाश्ता हो गया. अब वो सीढ़ी माँग रहा है."

"सीढ़ी मत दे!"

"उसके पास अपनी है."

एकेक येत होतं, दम खात, एकेक. जिभाऊ प्रत्येकाकडे असे पाहत होते जसं स्टेशनवर गाडीतून उतरणाऱ्यांत आपलं माणूस शोधावं. अजून काय यायचं होतं ते त्यांनाच ठाऊक.

मग पोपट आले.

साडीवरचे पोपट तुम्ही पाहिलेत. दोन समोरासमोर, चोचीला चोच, मध्ये डाळिंब. जिभाऊंचे पोपट सगळे पाठमोरे होते. पिंपळाच्या फांद्यांवर रांगेने बसलेले, आपल्याकडे पाठ, लांब शेपट्या खाली. पलीकडे ते काय पाहत होते कोण जाणे. मोटा शेठ भडकले होते म्हणे. "लक्ष्मी घरात येताना पोपट पाठ फिरवून बसलाय! अपशकुन!"

चित्र वरून खाली उतरत होतं. वरची फांदी, मधली फांदी, हिरव्या पाठी.

"मास्टर," फोनमधून आवाज आला, "चढ़ गया."

आणि चित्र थांबलं. वरच्या अर्ध्यात पोपट, खालचं अर्धं नुसतं करडं. मी पुन्हा मागितलं. पलीकडून 'सापडले नाही' अशी चिठ्ठीसुद्धा आली नाही. चिठ्ठी लिहायलाही कुणीतरी जागं लागतं.

त्यामागची जी होती ती तिथेच राहिली. किती ते मी विचारलं नाही. जिभाऊ बराच वेळ त्या करड्या भागाकडे पाहत राहिले. मी म्हटलं, ही अर्धी फाइल काढून टाकते, उगाच वाईट दिसेल. त्यांनी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन ते स्टुडिओत गेले. मी दुकानात एका शेठसाठी हिरवी अक्षरं घसरवत बसले होते, पण कपाळावर हात मारायला विसरत होते. शेठने तक्रारही केली. जिभाऊ संध्याकाळच्या आत आले, पायरीवर बसले, पाणी मागितलं, प्यायले, आणि मग सांगितलं.

शेठाणीने बोंडं पाहिली, भेगा पाहिल्या, फाटकं पान बराच वेळ पाहिलं. मग पोपट उघडले. "काका, बाकी कहाँ है?" तिने विचारलं. आता सर्व्हर, मीटर, खमण हे सगळं जिभाऊ तिला काय सांगणार? त्यांनी कागद मागितला. तिच्या टेबलावर बसले आणि खालचं अर्धं तिच्यासमोर काढून दिलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. तिनी खुर्ची दिधी," जिभाऊ म्हणाले. "पन टेबलवाली."

वॉचमनची जागा जावयाने दुसऱ्या कुणाला दिली.

या गोष्टीचा शेवट इथे केला तर तुम्ही खूश व्हाल, पण धंदा असा थांबत नाही. काही महिन्यांनी एका एजंटने मला एका नव्या कॅटलॉगचा पत्ता दिला. फोटो उतरवून द्या, लवकर. असं लवकर का हवं असतं हे मला कळतं. फोटो आला की नक्कल निघते. मी फोटो आणणारी, पुढे त्याचं काय होतं ते माझ्या पाटीवर लिहिलेलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. हल्ली सांगताना आवाज थोडा बसतो.

स्क्रिप्ट लावली आणि डोळे मिटून खांदा दाबत बसले. डोळे उघडले तेव्हा समोर पाठमोरे पोपट होते. कापडावर उतरलेले, मॉडेलच्या पदरावर, वरपासून खालपर्यंत पूर्ण. सवयीने मी नंबराची बेरीज केली. तीन आली. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दोन दिवसांत ते पोपट सगळ्या सुरतेत बसणार होते, आणि त्यांना पोचवणारी मीच. मी फोटो मोठा केला, निदान कुणाच्याही आधी नीट पाहावेत म्हणून. वरचं अर्धं मला पाठ होतं. खालचं मी पहिल्यांदा पाहत होते. तिथेही तशाच फांद्या, तशाच पाठी. फक्त अगदी खालच्या फांदीवर, शेवटून दुसरा, एक पोपट मान वळवून सरळ माझ्याकडे पाहत होता.

मी जिभाऊंना फोन लावला. "जिभाऊ, हा एक का वळला? शेठाणीने सांगितलं का?"

"नही वं माय, तिनी काहीच नही सांगं." पलीकडे ते बहुधा हसत होते, त्यांचं हसणं ऐकू येत नाही. "इतला वरीस आठना घरमा बसेल व्हतात. दार उघडनं, तं एखादा तरी वळीसन दखीच ना."